तिसऱ्या अंकातली शांतता

"तिथं शांतता कुठंय, बाबा?" मुलगी म्हणाली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली. तिच्या डाव्या मनगटावर टाचण्यांची गादी बांधलेली होती, गळ्यात टेप लोंबत होती आणि ओठाला दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. ती या नाट्यगृहाच्या तळघरात पोशाख शिवते. रंगीत तालीम नुकतीच संपली होती आणि मी दोन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून कौतुक केलं होतं. आमच्या घरात कौतुकाची सवय नाही. ठीक आहे म्हटलं की समजायचं, माणूस खूश आहे. पण त्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हणालो, बाकीचं असू दे, पण तिसऱ्या अंकात ती धोबीण तुरुंगाच्या भिंतीपाशी उभी राहते, भिंतीपलीकडे तिच्या नवऱ्यावर गोळ्या झाडतात, वाद्यं बंद पडतात, ती तोंड उघडते आणि आवाजच फुटत नाही, ती जी मिनिटभराची शांतता आहे ना, ती ज्या कुणाला सुचली त्याचे पाय धरावेत. "शांतता?" ती म्हणाली. "तिथं ती गाते. एकटी गाते, साथीशिवाय, शब्दांशिवाय, नुसता वरचा बारीक सूर. अख्ख्या ऑपेरात लोक त्याच एका जागेसाठी येतात." मी हसलो. तीही हसली. मग माझं हसणं लांबलं आणि तिचं मध्येच थांबलं, आणि ती माझ्या कानांकडे बघू लागली. उसवलेल्या शिवणीकडे बघावं तसं. आधी कुठून सुटलंय ते शोधायचं, मग कुठवर गेलंय ते.

मी म्हटलं, अगं हो, गाते, तेच म्हणतोय मी, आणि कठडा धरून खाली उतरलो. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. पत्र्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढल्यावर माणूस दोन गोष्टी शिकतो, बोटं वेळेवर मागे घ्यायला आणि हो म्हणायला. रस्त्यावर आलो. ट्रॅम गेली, लोक चालत होते, एक बाई कुत्र्यावर ओरडत होती. सगळं ऐकू येत होतं मला! मी बहिरा नाही. बहिरा म्हणजे आमच्या जिन्याखालचा म्हातारा, ज्याच्या दारावर लाथ घालावी लागते. मला ट्रॅम ऐकू येते, फोरमन ऐकू येतो, दार आपटलेलं ऐकू येतं. धोबिणीचा नवरा, तो जाडजूड गवई, तो तर पोटात ऐकू येतो. मग त्या बाईचंच तेवढं काय? ती भिंतीपाशी उभी राहते तेव्हा मी पुढच्या कठड्यावर हनुवटी टेकवून बसलेला असतो. सात वेळा पाहिलंय मी ते. सात वेळा ती तोंड उघडून उभी राहिली, सात वेळा वरची पट्टी, जिच्यावर गाण्याचे शब्द आपल्या भाषेत उमटतात, ती काळी झाली, सात वेळा वाजवणाऱ्यांनी हात मांडीवर ठेवले आणि सात वेळा माझ्या अंगावर काटा आला. आजूबाजूचे लोक डोळे पुसत होते. मीही पुसत होतो. म्हणजे सात वेळा आम्ही सगळे एकत्र रडलो आणि ते एका गोष्टीसाठी रडत होते, मी दुसऱ्या.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला तो सगळा प्रकार थोतांड वाटला होता. बायको गेली त्याच्या दोन महिन्यांनंतरची गोष्ट. मुलगी म्हणाली, घरी भिंतीकडे बघत बसता त्यापेक्षा पास आहे, या. आमची पहिली पाळी दोनला सुटते, तालीम तीनला सुरू होते. मी कामाच्या बुटांनीच गेलो. नोकरांच्या नातेवाइकांना सगळ्यात वरच्या मजल्यावर लाकडी बाकं असतात, छताला डोकं लागेल इतकी वर. खाली मखमलीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिथं बसायचं नाही. रिकामी खुर्ची चालते, आमची पाठ चालत नाही. आणि मग तो पडदा वर गेला. एक माणूस सुरी लागून पडला आणि अठरा मिनिटं गात मेला. मी घड्याळ लावलं होतं. आमच्या खात्यात एकाची चार बोटं पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली तेव्हा त्याला 'आई' म्हणायलाही वेळ मिळाला नव्हता. तो नुसता हाताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बंद करा रे." मरायला अठरा मिनिटं कुणाला मिळतात? ज्यांच्या खुर्च्या मखमलीच्या आहेत त्यांना मिळत असतील. मध्यंतरात मी मुलीला हेच बोललो. ती म्हणाली, "बाबा, मरताना माणसाला जे म्हणायचं असतं ते म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा इथं देतात. बाहेर देत नाहीत म्हणून इथं देतात." पोरगी शिवणकामाला बसल्यापासून शहाणी झाली होती. मी म्हटलं, हं. पण पुढच्या वेळी पास दिला तेव्हा नाही म्हणालो नाही.

पटलं ते कामामुळे. दुसऱ्या खेपेला मुलीने सांगितलं की गाणाऱ्यांच्या अंगावर माइक नसतो. मी म्हटलं, काहीतरीच. ती म्हणाली, मी कपडे चढवते ना, मला माहीत. मग मी नीट बघायला लागलो. रंगमंचापुढच्या खड्ड्यात सत्तर वाजवणारे, त्यात पितळेचे ते मोठे भोंगे, नगारे, आणि त्या सगळ्यांवरून एक बाई नुसत्या गळ्याने चौथ्या मजल्यावरच्या माझ्यापर्यंत पोचतेय. हे मला कळत होतं. प्रेसच्या धडाक्यातून पलीकडच्या माणसाला 'हात काढ' म्हणून सांगायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. त्या दिवसापासून मी तिच्या फासळ्या बघू लागलो. श्वास घेताना तिची पाठ रुंदावते, लोहाराचा भाता फुगावा तशी. मान ताठ होत नाही. आमच्यातले सगळे मानेने ओरडतात आणि दोन वर्षांत घसा घालवतात. ही बाई कमरेपासून ओरडत होती. कारागीर होती. मग हळूहळू गोष्ट कळली, कोण कुणाचा, मग एकच धून तीनदा वेगवेगळ्या माणसाच्या तोंडी येते ते कळलं, आणि पहिल्या अंकात ती कपडे आपटताना जी धून म्हणते तीच गोळ्या झाडणारे शिपाई बूट आपटत वाजवतात, हे ज्या दिवशी आपलं आपल्याला कळलं त्या दिवशी मी बाकावरून उठून उभा राहिलो होतो. मागच्याने ओढून बसवलं. कुणी शिकवलं नाही मला. शाळेत मी सातवीपर्यंत. एवढ्या वयात डोक्यात एक नवीन खोली उघडावी आणि तिला खिडकीही असावी, याचा आनंद मी कुणाला सांगणार होतो? खात्यात सांगितलं असतं तर मेलो असतो.

एक गोष्ट मात्र मला कधी जमली नाही. वरच्या बाकांवरचे जाणकार डोळे मिटून ऐकायचे. मुलगीही म्हणायची, बाबा, एकदा डोळे मिटून ऐका, वेगळंच लागतं. मी मिटले की ऑपेरा अर्धा व्हायचा. बाईचा आवाज जणू कुणी ओल्या घोंगडीत गुंडाळायचा आणि कधी कधी नुसती घोंगडीच उरायची. डोळे उघडले की आवाज परत. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असणार. माणूस तोंडाकडे बघूनच ऐकतो. डोळे मिटणारे झोपतात आणि शिष्टपणा करतात, असं मी स्वतःला पटवून टाकलं होतं.

घरी आलो. किटली ठेवली. आमच्या किटलीला शिटी आहे, बायकोने हौसेने आणलेली, आणि ती बिघडलीय असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो. आता जवळ जाऊन उभा राहिलो. तोटीतून वाफ येत होती. मी कान जवळ नेला, इतका की कानाची पाळी भाजली. खाली घरघर ऐकू येत होती, पाण्याची. तिच्यावर काही नाही. मी भिंतीवरच्या घड्याळापाशी गेलो. काटा सरकत होता आणि गप्प होता. नळ सोडला, धार जाड केली, बारीक केली. बारीक केली की धार दिसायची आणि आवाज जायचा. खिडकी उघडली. समोरच्या तारेवर चिमण्या बसल्या होत्या, पाच का सहा, आणि त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. गेली चारपाच वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो की या शहरातल्या चिमण्या गेल्या, धुराने मारल्या. तावातावाने सांगायचो. एकदा बसमध्ये एका मास्तराशी भांडलो होतो यावरून. तो बिचारा म्हणत होता, अहो, रोज सकाळी नुसता कलकलाट असतो. मी त्याला म्हणालो होतो, तुम्ही पुस्तकात राहता.

आणि हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. लबाडी इथंच आहे. दरवर्षी कारखान्यात कानाची तपासणी होते. दवाखान्याच्या खोलीत काचेची एक पेटी आहे, उभ्या शवपेटीसारखी. तिच्यात बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे, आवाज आला की हात वर करायचा. बाहेर कानवाल्या बाई यंत्रापाशी बसतात, आमच्याकडे पाठ करून, म्हणजे त्यांचं बोट दिसू नये, आणि कळ दाबून झाली की मान वळवून आमचा हात बघतात. पण त्यांच्या समोर औषधांचं कपाट आहे, काचेच्या दाराचं, आणि त्या काचेत त्यांचा अंगठा दिसतो. अंगठा दबला की हात वर. बारा वर्षांपूर्वी मी हे शोधून काढलं. त्याच्या आदल्या वर्षी आमच्यातला एक जण नापास झाला होता, त्याला मशीनवरून काढून आवारात झाडू मारायला लावलं आणि सहा महिन्यांत घरी पाठवलं. म्हणून मी शोधलं आणि सगळ्यांना शिकवलं. लगेच हात वर करायचा नाही, एक श्वास जाऊ द्यायचा. पाचात एकदा चुकायचं, म्हणजे खरं वाटतं. ढोल्या, जो माझ्या शेजारच्या प्रेसवर असतो आणि ज्याला एकदा बसलं की दोन माणसांनी उठवावं लागतं, त्याने तेव्हापासून मला उस्ताद म्हणायला सुरुवात केली. गेली बारा वर्षं आमचं खातं शंभर टक्के निरोगी आहे. तसा दाखला फाटकापाशी चौकटीत लावलाय. कानात घालायचे बोळे मागितले तर साहेब त्या चौकटीकडे बोट दाखवतो. म्हणजे मी काय केलं होतं? मी चोवीस माणसांना बहिरं होण्याची परवानगी काढून दिली होती, आणि उस्ताद म्हणून मिरवत होतो.

पण त्या संध्याकाळी मी त्यांचा विचार करत नव्हतो, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. मी अकरा दिवसांचा विचार करत होतो. तिसऱ्या अंकातली ती जागा मला का आवडते, हे मी मुलीला सांगितलं नव्हतं. बायको शेवटी हॉस्पिटलात होती, अकरा दिवस. पाळी सुटली की मी अडीचला जायचो, सातला मुलगी यायची. पलंग खिडकीशी होता. मी तिचा हात धरून बसायचो आणि ती बोलायची नाही. अकरा दिवसांत एक अक्षर नाही. चाळीसेक वर्षं अखंड बोलणारी बाई, भांड्यांशी, जिन्याशी, माझ्या पाठीशी बोलणारी, ती गप्प झाली. मला वाटलं, तिला कळलंय. मला वाटलं, आता बोलायचं काही उरलं नाही, आम्ही त्याच्या पलीकडे गेलो. मी लोकांना अभिमानाने सांगायचो, शेवटचे अकरा दिवस ती एक अक्षर बोलली नाही, इतकी शांत गेली. आणि मग त्या लाकडी बाकावर बसलो असताना एक धोबीण तोंड उघडून उभी राहिली आणि आवाज फुटला नाही. मला वाटलं, कुणीतरी माझे अकरा दिवस इथं लिहून ठेवलेत. त्यासाठी मी सात वेळा गेलो. आणि आता खिडकीत उभा राहून चिमण्यांच्या चोची बघत होतो आणि मला पांढऱ्या उशीवरचे ओठ दिसत होते. ते हलायचे. मला वाटायचं, श्वास घेतेय. कोरडे पडलेत म्हणून मी ओल्या कापसाने पुसायचो. ते माझ्या हाताखाली हलत असायचे आणि मी पुसत असायचो.

मुलगी सात वाजता आली. मी ताट वाढलं. ती माझ्यासमोर बसली, नेहमी शेजारी बसते, आणि तोंड माझ्याकडे धरून, एकेक शब्द सुटा करून बोलली, "तपासून घेऊ या आपण. बाहेरच्या डॉक्टरकडे. कारखान्यातल्या नको."

"कारखान्यातली परवाच आहे."

"त्यात काय होतं मला माहितेय. ढोल्याकाकांनी आईला सांगितलं होतं. खो-खो हसत."

मी घास फिरवत राहिलो. मग विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "तुझी आई शेवटी बोलत होती का गं?"

तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. माझ्यासारखं खोटं बोलता येत नाही तिला, आईवर गेलीय. "जेवा ना आधी."

"बोलत होती का?"

"बोलायची. घसा गेला होता तिचा. बारीक बोलायची, पण बोलायची."

"काय बोलायची?"

"काहीही. खिडकीतलं ऊन. गॅस बंद केला का. असंच."

"माझ्याशी?"

ती उठली, भांडी गोळा करायला लागली, माझ्याकडे पाठ झाली आणि तिचा आवाज गेला. मी म्हटलं, "इकडे बघून बोल." ती वळली. तिचे डोळे भरले होते आणि तिला राग आला होता, दोन्ही एकदम. "एकदा मला म्हणाली, ते रागावलेत का गं माझ्यावर? मी काही विचारते आणि ते नुसते बघतात. आणि मग तोंड पुसतात माझं."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, दमलेले असतात."

जेवण तिथंच राहिलं. मी काही बोललो असेन तर मला माहीत नाही, आता माझ्या शब्दाचा माझा मलाच भरवसा नाही.

परवा उजाडला. खात्यात नेहमीसारखा धडाका चालू होता. पत्रा सरकवायचा, हात मागे, पायाने कळ, धाड. पत्रा, हात, धाड. एकतीस वर्षं. मी पहिल्यांदा ऐकायचा प्रयत्न केला त्याला, ऑपेरा ऐकतो तसा, आणि लक्षात आलं की धाड म्हणून जे मला वाटतं ते कानात नाहीच. ते तळपायातून येतं, मांडीतून, दातातून. वरचा भाग, लोखंडाची किंचाळी, जी पहिल्या दिवशी ऐकून मी कान धरून पळालो होतो आणि सगळे हसले होते, ती कधीच गेली होती. मला वाटलं होतं, सवय झाली. सगळे हेच म्हणतात नव्या माणसाला, होईल सवय. सवय म्हणजे काय, तर तुझा तेवढा भाग मरेल.

दहा वाजता आम्हाला पाच-पाच जणांना दवाखान्यात पाठवलं. बाहेरच्या बाकावर ढोल्याने अर्धं बाक व्यापलं आणि माझ्या मांडीवर थाप मारली. "काय उस्ताद, तोंड का असं? सासरी निघालास?"

"ढोल्या, तुला चिमण्या ऐकू येतात?"

"आँ?"

"चिमण्या!"

"कुठंत आता चिमण्या? तूच म्हणतोस ना, गेल्या." तो पलीकडच्याला म्हणाला, "उस्ताद म्हातारा झाला रे. चिमण्या विचारतोय."

"तुझी बायको हळू बोलली तर ऐकू येतं?"

"माझी बायको हळू बोलत असती तर मी देवळात घंटा बांधली असती!" सगळे हसले. सगळे मोठ्याने हसत होते, मोठ्याने बोलत होते, एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन. दवाखान्याची नर्स कपाळाला आठ्या घालून गेली. मी त्या चौघांकडे पाहिलं. आम्ही सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघत होतो. बारा वर्षं शेजारी बसतोय आणि हे मला दिसलं नव्हतं. मी ढोल्याला म्हणालो, "मी आज डोळे मिटून बसणार आहे." त्याला वाटलं, थट्टा. मग त्याने माझं तोंड नीट वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो हळू बोलला असावा, कारण मला फक्त ओठ दिसले. तो म्हणत होता, माझ्या पोरांचा विचार कर. किंवा दुसरं काही म्हणत असेल. मी तेच वाचलं.

पेटीत बसलो. दार लागलं. हेडफोन थंडगार होते. काचेपलीकडे कानवाल्या बाईंची पाठ, पांढरा कोट, मानेवर विरळ झालेले केस, आणि त्यांच्या समोर कपाटाच्या काचेत त्यांचा अंगठा, स्वच्छ, ओळखीचा. बारा वर्षं तो अंगठा पाहतोय मी. त्याच्यावरची भाजल्याची जुनी खूणही मला माहीत आहे. मी डोळे मिटले. सुरुवातीला एक जाड गुणगुण आली, पोटातून आल्यासारखी. हात वर केला. मग आणखी एक, थोडी बारीक. हात वर. मग एक आली की भास झाला कळेना, अर्धा हात वर केला, खाली घेतला. मग काही नाही. मी थांबलो. उघड डोळे, मी स्वतःला म्हणालो. उघड, अजून वेळ आहे, एक नजर टाक, एकच. पापण्यांखाली तांबूस अंधार होता आणि रक्ताची घुमघुम. काही नाही. किती वेळ? मला मुळीच सांगता येणार नाही. त्या काही-नाहीमध्ये धोबीण भिंतीपाशी आली. मला तिला बोलवायचं नव्हतं, ती आली. गोळ्या झाल्या. वाजवणाऱ्यांनी हात मांडीवर ठेवले. तिची पाठ रुंदावली, कमरेपासून, भात्यासारखी, आणि तोंड उघडलं, आणि मी सगळ्या ताकदीने कान दिला, आणि काही नाही. ही ती शांतता नव्हती. ती मी पाहिली होती, ती सुंदर होती. ही नुसती पत्र्याची मागची बाजू होती, जिथं रंगही लावत नाहीत. धोबिणीचा चेहरा पांढरा होत गेला, उशीचा झाला. ओठ हलले. मी कापूस घेतला नाही. यावेळी मी पुसलं नाही, वाकलो, आणि ओठ परत हलले, आणि मी हात वर केला.

दार उघडल्याची हवा लागली तेव्हा डोळे उघडले. कानवाल्या बाई समोर उभ्या होत्या. "झालं?" मी विचारलं.

"केव्हाच." त्या तोंड माझ्याकडे ठेवून बोलत होत्या, मुलीसारखं. त्यांना सवय असणार. "यंदा काचेत बघितलं नाहीत."

"कुठल्या काचेत?"

"कपाटाच्या." त्यांनी मागे न बघता अंगठ्याने दाखवलं. "मी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. कपाट हलवलं. पंधरा दिवसांनी आले तर परत तिथंच. पुन्हा हलवलं. पुन्हा तिथंच. मग साहेबांनी बोलावून सांगितलं, कपाटाला हात लावू नका, जमिनीचा उतार आहे. मग मी हलवायचं सोडलं."

बारा वर्षं. मी उस्ताद. मला वाटत होतं, मी भिंतीला भोक पाडलंय. भोक साहेबानेच ठेवलं होतं, मापाचं, आणि मी चोवीस जणांना रांगेत उभं करून त्यातून पाठवलं होतं, आणि पाठ थोपटून घेतली होती. मला हसू आलं.

बाईंनी कागद पुढे धरला. त्यावर एक रेघ होती, थोडी आडवी चालून मग एकदम खाली पडलेली, जिना संपल्यासारखी. "हे असं आहे. गेल्या वर्षीची रेघ सरळ आहे, त्याच्या मागचीही. असं एका वर्षात होत नाही. मी हे लिहिलं तर विचारणार, आणि तुमच्या सगळ्यांची पुन्हा करणार, दुसरीकडे नेऊन. आणि आधीचे सगळे कागद तुमच्याच विरुद्ध बोलतील." त्यांनी पेन उचललं. "गेल्या वर्षीसारखी सरळ रेघ काढायला मला दोन मिनिटं लागतात. काय करू?"

काचेतून बाहेरचं बाक दिसत होतं. ढोल्या माझ्याकडे बघत होता. बाकीचे तिघे कशावर तरी हसत होते, तोंडं पूर्ण उघडी, आणि इथवर काही येत नव्हतं. घरी त्यांच्या बायका काही विचारत असतील. गॅस बंद केला का. रागावलात का. आणि हे नुसते बघत असतील.

"आहे ते लिहा," मी म्हणालो.

"नक्की?"

"लिहा."

त्या लिहायला लागल्या. मग त्यांचं पेन कागदाच्या शेवटी थांबलं. तिथं एक फुली होती, एकटीच, खाली पडलेल्या रेघेपासून लांब. "इथं शेवटी तुम्ही हात वर केलात," त्या म्हणाल्या. "ठामपणे केलात. पण मी तेव्हा काही वाजवलंच नव्हतं. यंत्र बंद केलं होतं. हे खोडू?"

"नको," मी म्हणालो. "तेही लिहा."